दुसरं विमान ‘दिसेलच’ या भरवशावर मुलांना आकाशात सोडू नका : डीजीसीएच्या महासंचालकांना खुलं पत्र

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय,
नवी दिल्ली

स. न. वि. वि.

महाराष्ट्रातल्या छोट्या धावपट्ट्यांवर मुलांना विमान चालवायला शिकवण्यात माझं बरंचसं आयुष्य गेलं. त्या जोरावर आपल्याकडे एक मागणी करतो आहे. प्रत्येक प्रशिक्षण विमानात आपलं ठिकाण आणि उंची आजूबाजूच्या विमानांना कळवणारी, आणि त्यांची आपल्याला दाखवणारी यंत्रणा सक्तीची करा. ती चालू असल्याची खात्री झाल्याशिवाय एकही विमान, आणि सोलोला, म्हणजे एकट्याने उडायला, निघालेला विद्यार्थी तर नाहीच नाही, जमीन सोडणार नाही असा नियम करा. पत्र खुलं ठेवलं आहे, कारण हे संस्थांच्या मालकांनी, सीएफआयनी (मुख्य उड्डाण प्रशिक्षकांनी) आणि घर गहाण टाकून मुलांना पायलट करायला निघालेल्या आईवडिलांनीही वाचावं असं मला वाटतं.

देशाला पायलट हवेत म्हणून गेल्या काही वर्षांत प्रशिक्षण संस्थांसाठी दारं उघडली गेली. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने ज्या पाच विमानतळांवर नव्या संस्थांना जागा देऊ केल्या, त्यांत आपलं जळगाव होतं. बारामती, धुळे, शिरपूर, गोंदियाजवळची बिरसी इथे तर आधीपासून मुलं शिकतायत. २०२३ या एका वर्षात देशात १,६०० हून अधिक व्यावसायिक पायलट परवाने दिले गेले. मला याचा आनंदच आहे. माझ्या काळात गावाकडच्या पोराने पायलट होण्याचं नाव काढलं तर लोक हसायचे.

पण एका परवान्यामागे २०० तासांचं उड्डाण असतं आणि ते तास आकाशभर पसरलेले नसतात. विद्यार्थी धावपट्टीभोवती सर्किट मारतो, नाहीतर ठरलेल्या सरावाच्या हद्दीत स्टॉल, स्टीप टर्नसारखे धडे गिरवतो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून हवा उसळायला लागली की नवशिक्याला विमान धरवत नाही, म्हणून सगळ्या संस्थांना सकाळची आणि उतरत्या उन्हाची हवा हवी असते. म्हणजे गर्दी होते ती त्याच वेळी, त्याच जागी आणि जवळपास त्याच उंचीवर. हिवाळ्यात भर धुरकटाची आणि समोर तिरप्या उन्हाची. इतक्या गोष्टी जुळून आल्यावर टक्कर टाळायला आपल्याकडे काय आहे? पायलटचे डोळे, आणि रेडिओवर ‘मी इथे आहे’ असा त्याने दिलेला कॉल.

डोळ्यांबद्दल आधी बोलतो. ‘बाहेर बघ’ हे मी विद्यार्थ्यांना जितक्या वेळा सांगितलं असेल तितकं दुसरं काहीच सांगितलं नसेल, आणि ते मी यापुढेही सांगणार. पण डोळ्यांची मर्यादा आपल्याला आकड्यांत माहीत आहे. अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, वैमानिकांना दिलेल्या मार्गदर्शनात तिचा हिशेबच मांडला आहे. वस्तू नजरेला पडायला ०.१ सेकंद, ते विमान आहे हे ओळखायला १, ते आपल्याच अंगावर येतंय हे उमगायला ५, कुठे वळायचं ते ठरवायला ४, हातपाय हलायला ०.४ आणि विमान प्रत्यक्ष वळायला २. एकूण साडेबारा सेकंद. दोन सेसना ९०-९० नॉटने समोरासमोर येत असतील तर त्यांच्यातलं अंतर सेकंदाला सुमारे ९३ मीटरने कमी होतं. म्हणजे समोरचं विमान साडेअकराशे मीटरवर असतानाच दिसायला हवं. सेसना १७२ च्या पंखांची एकूण लांबी ११ मीटर. तेवढ्या अंतरावरून बघताना, हात लांब करून धरलेल्या पट्टीवर मोजलं, तर ती भरते सहा मिलिमीटर. एक बारीक रेघ आणि तिच्या मधोमध ठिपका. तोही धुरकट आकाशात, आणि बघणारा कोण, तर एकीकडे वेग, उंची, इंजिनाचे काटे आणि रेडिओ सांभाळणारा वीस वर्षांचा मुलगा.

याहून वाईट गोष्ट अशी, की ज्या विमानाशी टक्कर होणार असते ते काचेत हलतच नाही. दोन विमानं एका बिंदूकडे स्थिर वेगाने निघाली असली की एकाला दुसरं सतत त्याच दिशेला, त्याच जागी दिसत राहतं. आपली नजर हालचाल टिपते, न हलणारी गोष्ट सोडून देते. जे विमान काचेवरून सरकत जातं त्याच्यापासून धोका नसतो आणि ते मात्र पटकन दिसतं. धोक्याचं विमान काचेवरच्या डागासारखं एका जागी बसून असतं आणि अगदी शेवटच्या काही सेकंदांत एकाएकी मोठं होतं. ते काचेच्या चौकटीमागे किंवा पंखाआड असेल तर शेवटपर्यंत तिथेच लपून राहतं. म्हणूनच अशा अपघातांनंतर ‘लक्ष नव्हतं’ असा शेरा मारला की मला राग येतो. लक्ष देऊनही दिसणार नाही अशी ती रचना असते.

एका दुपारचं सांगतो. दोन संस्था एकच धावपट्टी वापरत होत्या. माझी एक विद्यार्थिनी सेसना १७२ घेऊन एकटी सर्किट मारत होती. दुसऱ्या संस्थेचं डायमंड डीए-४० लांबून थेट फायनलला, म्हणजे धावपट्टीच्या सरळ रेषेतल्या शेवटच्या टप्प्यात, येत होतं. सेसनाचे पंख पायलटच्या डोक्यावर असतात, त्यामुळे वरचं दिसत नाही. डीए-४० चे पंख खाली असतात, त्यामुळे खालचं दिसत नाही. ती बेसवरून, म्हणजे त्याआधीच्या आडव्या टप्प्यावरून, फायनलला वळली तेव्हा ते विमान तिच्या जरा मागे आणि वर होतं. दोघांनीही कॉल दिले होते, पण नेमके एकाच क्षणी. बटण दाबून बोलत असलेल्या माणसाला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्यामुळे दोघांचीही समजूत झाली की फायनलला आपण एकटेच आहोत.

तिला वाचवलं ते उन्हाने. ऊन उजवीकडून तिरपं येत होतं आणि डाव्या खिडकीतून सोयाबीनच्या शेतावर तिला स्वतःच्या विमानाची सावली पळताना दिसत होती. त्या सावलीकडे दुसरी एक सावली सरकत येताना तिने पाहिली. अशा वेळी हाताला लागलेली सवय असते गो-अराउंडची, म्हणजे लँडिंग सोडून पूर्ण थ्रॉटल आणि नाक वर. तसं केलं असतं तर ती सरळ वरच्या विमानाच्या पोटात गेली असती. तिने उंची वाढवली नाही, उजवीकडे बाहेर पडली आणि ओरडून कॉल दिला. डीए-४० च्या पायलटला तिचं विमान दिसलं ते ती बाहेर पडल्यावर. नियम सांगतो, लँडिंगला येणाऱ्या दोन विमानांत खालच्याचा हक्क पहिला. नियम बरोबरच आहे, पण वरच्याला खालचा दिसत नसेल तर त्याने तो पाळायचा कसा? त्या दिवशी ढग असते तर सावल्या पडल्या नसत्या.

संध्याकाळी मी रिपोर्ट लिहायला बसलो तर ऑफिसातून विचारणा झाली, ‘सर, काही झालं तर नाही ना? मग कशाला कागद करताय?’ रिपोर्ट मी लिहिला. तो तिथल्या कपाटातून पुढे कुठे गेला असं मला कधीच कळलं नाही.

जिथे असं निभावलं नाही त्या जागाही आपल्याला माहीत आहेत. १८ ऑगस्ट २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या वॉटसनव्हिल इथे, नियंत्रण टॉवर नसलेल्या विमानतळावर, एक सेसना १५२ सर्किटमध्ये होतं आणि दोन इंजिनांचं वेगवान सेसना ३४० लांबून थेट फायनलला येत होतं. दोघांचे कॉल होत होते. मोठ्या विमानाचा वेग लँडिंगच्या नेहमीच्या वेगापेक्षा खूपच जास्त होता. १५२ च्या पायलटला शेवटी ते आपल्या मागून फार वेगाने येताना दिसलं, गो-अराउंड करतोय असं तो रेडिओवर म्हणालाही. तिघं गेले. कॉल दिले होते, ऐकू गेले होते, स्वच्छ दिवस होता. तरीही.

आणि ८ जुलै २०२५. कॅनडातल्या मॅनिटोबात, स्टाइनबाखजवळ, एकाच संस्थेचे दोन विद्यार्थी आपापल्या सेसनामध्ये एकटे उडत होते. धावपट्टीजवळ दोन्ही विमानं एकमेकांवर आदळली आणि दोघंही गेले. त्यातला एक केरळचा होता. आपल्याकडची किती मुलं शिकायला कॅनडात, अमेरिकेत जातात हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दोन्ही विमानांत रेडिओ होते.

विमान वाहतुकीत टक्कर टाळण्याचा जवळपास प्रत्येक नियम कुणाच्या तरी मरणानंतर आलेला आहे. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानं आदळून १२८ माणसं गेली, त्यानंतर १९५८ मध्ये अमेरिकेत एफएए उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९८६ ला लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोसवर एक छोटं पायपर एअरोमेक्सिकोच्या जेटच्या शेपटीत शिरलं. पायपरचा ट्रान्सपाँडर, म्हणजे रडारला आपोआप उत्तर देणारं उपकरण, आपली उंची कळवत नव्हता. जमिनीवरच्या १५ जणांसह ८२ माणसं गेली, आणि मगच मोठ्या विमानांत टीकॅस, म्हणजे टकरीचा इशारा पायलटला देणारी यंत्रणा, आणि मोठ्या विमानतळांभोवती उंची कळवणारा ट्रान्सपाँडर सक्तीचा झाला. आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ ची संध्याकाळ यावी लागली. हरियाणातल्या चरखी दादरीच्या आकाशात सौदी अरेबियाचं ७४७ आणि कझाकस्तानचं आयएल-७६ यांची टक्कर झाली, दोन्ही विमानांतली सगळी ३४९ माणसं गेली. दिल्लीत येण्याचा आणि जाण्याचा मार्ग तोवर एकच होता. पुढे मार्ग वेगळे झाले आणि टक्कर टाळणारी यंत्रणा आपल्याकडे मोठ्या विमानांना बंधनकारक झाली. तेव्हा मोठ्या विमानांना जे मिळालं ते शिकाऊ विमानांना अजून मिळालेलं नाही.

आणि हे फक्त शिकाऊ विमानांपुरतं नाही. टीकॅस समोरच्या ट्रान्सपाँडरशी बोलतं. जळगावला किंवा बिरसीला उतरणाऱ्या प्रवासी विमानातलं टीकॅस कितीही चांगलं असलं, तरी शिकाऊ विमानाचा ट्रान्सपाँडर बंद असेल किंवा उंची कळवत नसेल, तर प्रवासी विमानाला त्याचा धड इशारा मिळणार नाही. म्हणजे मागच्या रांगेत बसलेल्या प्रवाशाचा जीवही त्या छोट्या विमानातल्या एका बटणावर आहे.

उपाय नवा नाही, महागही नाही. स्वित्झर्लंडमधल्या ग्लायडर पायलटांनी आपल्यातली माणसं टकरींत जाताना पाहून २००४ च्या सुमारास स्वतःच फ्लार्म नावाचं उपकरण बाजारात आणलं, आणि ते युरोपभरच्या ग्लायडरमध्ये बसलं. अमेरिकेने १ जानेवारी २०२० पासून वर्दळीच्या हवाई क्षेत्रात एडीएस-बी सक्तीचं केलं. एडीएस-बी असलेलं विमान आपलं ठिकाण, उंची आणि वेग सेकंदासेकंदाला हवेत सांगत राहतं, आणि ते ऐकणारा रिसीव्हर असलेल्या कुठल्याही विमानाला ते टॅबवर दिसतं, कानात ऐकू येतं. ब्रिटनने छोट्या विमानांच्या मालकांना अशा उपकरणाची निम्मी किंमत, जास्तीत जास्त २५० पौंडांपर्यंत, परत दिली. ऑस्ट्रेलियाने निम्मा खर्च ५,००० डॉलरपर्यंत उचलला. या आकड्यांवरून खर्चाचा अंदाज येईल. मुलाच्या प्रशिक्षणासाठी आईवडील जेवढे पैसे मोजतात त्यापुढे ही रक्कम काहीच नाही. उपकरण रेडिओ लहरी सोडतं, त्यामुळे खिशात मावणारी उपकरणं आपल्याकडे वापरायची तर परवानगीची वाट आधी आपल्याला मोकळी करावी लागेल. ते काम आपल्या मंत्रालयाला आणि दूरसंचार विभागालाच करता येण्यासारखं आहे.

मात्र नुसतं उपकरण बसवून कागदावर टिकमार्क करू नका. १३ मे २०१९ ला अलास्कातल्या केचिकनजवळ पर्यटकांना घेऊन निघालेली दोन छोटी सीप्लेन आदळली, सहा जण गेले. यंत्रणा दोन्हीकडे होती. पण एका विमानातला उंची पाठवणारा भाग बंद होता, त्यामुळे दुसऱ्याला इशारा मिळाला नाही. आणि त्या पहिल्या विमानात नव्याने बसवलेल्या यंत्रणेत आवाजी इशाराच उरला नव्हता. म्हणून माझ्या मागणीचा दुसरा अर्धा भाग पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. इंजिन सुरू केल्यावर जसं तेलाचं प्रेशर बघतो, तसं ‘मी इतरांना दिसतोय का, उंची जातेय का’ हे चेकलिस्टमध्ये यायला हवं, आणि इशारा कानात यायला हवा. नाहीतर मुलं बाहेर बघायचं सोडून पडद्यात डोकं घालतील. काचेचं कॉकपिट, म्हणजे काट्यांच्या जागी पडदे, आल्यापासून ती सवय आधीच लागलेली आहे, हे कुठलाही इन्स्ट्रक्टर सांगेल.

जिथे टॉवर नाही आणि एकाहून अधिक संस्था उडतात, तिथे सर्किटची पद्धत संस्थेगणिक वेगळी असता कामा नये. कुठून, किती उंचीवर शिरायचं आणि कॉल कुठे कुठे द्यायचे, हे त्या धावपट्टीसाठी एकदाच ठरावं आणि बाहेरून येणाऱ्यालाही तेच लागू व्हावं. यातली सगळ्यांत अवघड गोष्ट स्पष्ट लिहितो. निवडणुका आल्या, कुणाचं लग्न असलं, कुणाची सभा असली की चार्टर विमानं या छोट्या धावपट्ट्यांवर यायला लागतात. ती वेगवान असतात, घाईत असतात आणि बहुतेकदा थेट फायनलला येतात. त्याच वेळी सर्किटमध्ये सोलोवर असलेली मुलं असतात. वॉटसनव्हिलला झालं ते अगदी हेच. सर्किटमध्ये विमान असताना थेट फायनल नाही, विमानात कुणीही बसलेलं असो, हे आपण लेखी दिलंत तर जमिनीवरचा सीएफआय ते ठामपणे सांगू शकेल. आज त्याच्या पाठीशी कुणी नाही.

फायनलला दुसरं विमान अंगावर येतंय असं कळलं तर काय करायचं, हेही अभ्यासक्रमात यायला हवं. आपण मुलांना गो-अराउंड इतका घोटून घेतो की संकटात हात आपोआप नाक वर करतो. धोका वर आहे की खाली, हे माहीत नसताना आधी बाजूला बाहेर पडणं हा वेगळा धडा आहे, आणि तो सोलोच्या आधी द्यायला हवा.

‘आपल्याकडे कुठे होतात अशा टकरा?’ असं मला विचारलं जातं. याचं उत्तर टक्कर थोडक्यात हुकलेल्या प्रसंगांत आहे, आणि ते प्रसंग आपल्यापर्यंत पोचतच नाहीत. विद्यार्थ्याला भीती असते की रिपोर्ट दिला तर तास थांबतील. संस्थेला भीती असते की नाव खराब होईल, आणि २०२५ पासून आपण संस्थांची श्रेणी लावता आहात, त्यामुळे ती वाढलीच असणार. अमेरिकेत १९७६ पासून नासाकडे असे रिपोर्ट जातात. पायलटचं नाव काढून टाकलं जातं आणि प्रसंग सगळ्यांना वाचायला मिळतो. ब्रिटनमध्ये दोन विमानं धोकादायक जवळ आल्याचा प्रत्येक प्रसंग एक स्वतंत्र मंडळ तपासतं आणि त्याचा अहवाल प्रसिद्ध करतं. आपल्याकडेही स्वेच्छेने माहिती देण्याची सोय आहे. तिच्यावर विश्वास बसायचा तर दोन गोष्टी व्हाव्या लागतील. चांगल्या हेतूने दिलेल्या रिपोर्टवरून कारवाई होणार नाही ही हमी, आणि आलेले प्रसंग नावं गाळून दर तीन महिन्यांनी मुलांना समजेल अशा भाषेत जाहीर करणं. शिवाय श्रेणी लावताना जी संस्था जास्त रिपोर्ट देते तिचे गुण कापू नका, वाढवा. ज्या धावपट्टीवरून वर्षभरात एकही रिपोर्ट आला नाही, तिथे आधी तपासणीला माणूस पाठवा.

खर्चाचं कारण पुढे केलं जाईल, वेळ मागितला जाईल. जुन्या विमानांसाठी थोडी मुदत द्यायला माझी हरकत नाही. पण नव्याने ताफ्यात येणाऱ्या प्रत्येक शिकाऊ विमानाला आणि प्रत्येक सोलो उड्डाणाला सवलत नको. इन्स्ट्रक्टर शेजारी असतो तेव्हा बाहेर बघणारे डोळे चार असतात, सोलोला दोनच उरतात आणि तेही सर्वांत नवखे.

सीएआरमध्ये, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीच्या नियमावलीत, बदल करायला वेळ लागतो, हे मी जाणतो. मसुदा संकेतस्थळावर टाकून हरकती-सूचना मागवा, आम्ही इन्स्ट्रक्टर लेखी म्हणणं देऊ. तोवर एक साधं परिपत्रक तर काढता येईल. ज्या विमानात ट्रान्सपाँडर आहे, तिथे तो उंचीसकट उड्डाणभर चालू असलाच पाहिजे. सर्किटमध्ये विमान असताना थेट फायनल बंद. आणि एक धावपट्टी वापरणाऱ्या सगळ्या संस्थांच्या सीएफआयनी महिन्यातून एकदा एकत्र बसून गेल्या महिन्यातले जवळून गेलेले प्रसंग नावानिशी नव्हे, पण तपशिलानिशी एकमेकांना सांगायचे, त्याची टिपणं आपल्या विभागीय कार्यालयाला जायची. पहिली बैठक खानदेशात कुठेही बोलवा. त्या सावल्यांचा रिपोर्ट मी सोबत घेऊन येतो, त्याची प्रत माझ्याकडे आहे.

आपला,
छोट्या धावपट्ट्यांवरचा एक उड्डाण प्रशिक्षक